लांबलेल्या स्टार्ट मेनूची मांडणी : निर्मात्याच्या नव्हे, कामाच्या क्रमाने

नवा संगणक घरी येतो तेव्हा त्यातील प्रोग्रॅमची यादी एका दृष्टिक्षेपात मावते. पुढे कार्यालयाचे व्हीपीएन येते, बैठकांसाठी दोन-तीन निरनिराळी साधने येतात, प्रिंटरबरोबर त्याचे चार सोबती येतात. करविवरण भरण्याचे सॉफ्टवेअर दर वर्षी नव्या आवृत्तीत घेतले जाते आणि आधीच्या वर्षांच्या आवृत्त्या ‘असू द्यात’ म्हणून तशाच राहतात. तीन-चार वर्षांत यादी सहज शंभरी ओलांडते. मग एखादा क्वचित लागणारा प्रोग्रॅम हवा असतो, नेमके त्याचेच नाव आठवत नाही आणि यादी वरखाली सरकवत बसावे लागते.

या शोधात दर वेळी जाणारा वेळ काही सेकंदांचाच असतो, म्हणून या अडचणीकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. परंतु सेकंदांपेक्षा लक्षाचे नुकसान मोठे असते. समोरच्या बैठकीत कोणी आकडे मागितले आहेत आणि ते काढून देणारे साधन सापडत नाही, तेव्हा विचाराची साखळी तुटते. दुसरा तोटा सुरक्षिततेचा. लांब यादीच्या तळाशी कधीकाळी घेतलेले, नंतर अद्ययावत न केलेले आणि विस्मरणात गेलेले प्रोग्रॅम दडून राहतात. एखाद्या तंत्रज्ञाने एकदा वापरलेले आणि तसेच राहून गेलेले दूरस्थ प्रवेशाचे साधनही त्यांत असू शकते. यादी आवरणे म्हणजे आपल्या संगणकात काय काय आहे याची शिरगणती करणेच होय.

यादी लांबते कशी?

‘स्टार्ट’ मेनू २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ बरोबर आला. त्याआधी, १९९० च्या विंडोज ३.० मध्ये, ‘प्रोग्रॅम मॅनेजर’ नावाच्या चौकटीत प्रोग्रॅमची चिन्हे गटागटाने मांडलेली असत. स्टार्ट मेनूने या गटांचे रूपांतर उघडत जाणाऱ्या यादीत केले. या यादीमागील रचना साधी आहे आणि ती आजही बहुतांशी तशीच टिकून आहे. नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या प्रोग्रॅमच्या बाबतीत यादीतील नोंद म्हणजे प्रोग्रॅम नव्हे. ती त्याच्याकडे बोट दाखवणारी एक लहानशी फाइल, म्हणजेच शॉर्टकट असते. हे शॉर्टकट दोन फोल्डरांत ठेवलेले असतात. एक फोल्डर संगणकाच्या सर्व वापरकर्त्यांसाठी असतो, दुसरा त्या-त्या वापरकर्त्याचा स्वतःचा. पडद्यावर दिसते ती या दोहोंची एकत्रित यादी.

यादी लांबण्याचे मूळ कारण या फोल्डरांत शॉर्टकट कोण ठेवते, यात आहे. ते काम प्रोग्रॅम बसवणारी यंत्रणा करते आणि ती कंपनीच्या सोयीने चालते. अनेकदा कंपनीच्या नावाचा फोल्डर तयार होतो आणि त्यात मुख्य प्रोग्रॅमसोबत मदतीचे पान, संकेतस्थळाचा दुवा, प्रोग्रॅम काढून टाकण्याची सोय अशा चार-पाच नोंदी भरल्या जातात. परिणामी सारी यादी निर्मात्यांच्या नावांनी लावली जाते. वापरणाऱ्याच्या मनात मात्र निर्माता नसतो, काम असते. ‘पीडीएफची दोन पाने एकत्र जोडायची आहेत’ असे त्याच्या मनात येते. ते साधन कोणत्या कंपनीचे होते हे आठवेलच असे नाही. वाणसामान आणल्यावर डबे दुकानदाराच्या नावाप्रमाणे लावले, तर स्वयंपाकघरात जी गत होईल तीच येथे होते.

शोधचौकट असताना मांडणी कशाला?

यावर साहजिक आक्षेप असा की, आता यादी पाहतो कोण? नाव टंकले की प्रोग्रॅम हजर. ॲपलने २००५ मध्ये मॅक ओएस टेनच्या ‘टायगर’ आवृत्तीत स्पॉटलाइट आणले. २००७ च्या आरंभी सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या विंडोज व्हिस्टाने स्टार्ट मेनूतच शोधचौकट दिली. रोजच्या आणि नाव पाठ असलेल्या प्रोग्रॅमसाठी याहून जलद मार्ग क्वचितच सापडेल.

पण शोधचौकटीची अट एकच आणि ती कडक आहे. नाव आठवले पाहिजे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या साधनाचे नाव आठवत नाही. शिवाय नावे बदलतात. मायक्रोसॉफ्टचे ‘लिंक’ हे संवादसाधन २०१५ मध्ये ‘स्काइप फॉर बिझनेस’ झाले. मॅकवरील ‘मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप’ २०२४ मध्ये ‘विंडोज ॲप’ झाले. जुने नाव डोक्यात पक्के बसलेल्या माणसाला नवे नाव सुचणार कसे? आठवणे आणि ओळखणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. आठवण्यासाठी मनात उत्तर तयार असावे लागते. ओळखण्यासाठी ते केवळ डोळ्यांसमोर यावे लागते. शोधचौकट आठवणीवर चालते, यादी ओळखीवर. म्हणून दोहोंचे काम वाटून द्यावे : नाव ठाऊक असेल ते शोधावे आणि केवळ काम ठाऊक असेल ते यादीत सापडावे. यादी कामाप्रमाणे लावायची ती यासाठी.

किती गट, किती पातळ्या?

मांडणी करायला बसले की पहिला मोह होतो तो फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर करण्याचा. संशोधनाचा कौल याच्या विरुद्ध आहे. ड्वाइट मिलर यांनी १९८१ मध्ये ६४ पर्यायांची यादी निरनिराळ्या प्रकारे रचून लोकांकडून तपासून घेतली. सर्व ६४ एकाच पातळीवर, आठ-आठच्या दोन पातळ्या, चार-चारच्या तीन आणि दोन-दोनच्या सहा अशा त्या रचना होत्या. त्यांत आठ-आठच्या दोन पातळ्यांची रचना सर्वांत जलद ठरली. पुढे १९९८ मध्ये केव्हिन लार्सन आणि मेरी झर्विन्स्की यांनी ५१२ पर्यायांवर असाच प्रयोग केला. तेथेही तीन पातळ्यांच्या रचनेपेक्षा १६ व ३२ च्या दोन पातळ्यांच्या रचना सरस ठरल्या. दोन्ही प्रयोगांचा सारांश असा की, यादी रुंद असली तरी चालते, खोल असू नये. प्रत्येक पातळीवर ‘हे कोणत्या गटात असेल?’ असा नवा प्रश्न पडतो आणि एखादे उत्तर चुकले की पुन्हा मागे यावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या ‘सात, अधिक-उणे दोन’ या प्रसिद्ध आकड्याचा दाखला देऊन यादीत सातच नोंदी असाव्यात असे सांगितले जाते. तो आकडा मुख्यतः तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या मर्यादेविषयी आहे. मेनू डोळ्यांसमोर असतो. तो लक्षात ठेवावा लागत नाही. त्यामुळे एका गटात बारा किंवा पंधरा नोंदी असल्या म्हणून काही बिघडत नाही, मात्र त्यांचा क्रम समजण्याजोगा हवा.

तिसरी गोष्ट स्थैर्याची. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००० मध्ये कमी वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूतून आपोआप लपवल्या जात आणि वापर वाढला की पुन्हा दिसू लागत. कल्पना आकर्षक होती, पण काल जेथे होती तेथे आज वस्तू नाही, असा अनुभव येई. जेफ्री मिचेल आणि बेन श्नायडरमन यांनी त्याआधीच, १९८९ मध्ये, बदलत्या व स्थिर मेनूंची तुलना केली होती. तीत आरंभी स्थिर मेनू वापरणाऱ्यांचे काम अधिक जलद झाले होते. हाताला जागेची सवय लागते, हे त्यामागचे कारण. एकदा ठरवलेली जागा शक्यतो बदलू नये.

आधी तीन ढीग

मराठी स्वयंपाकघरात ही व्यवस्था पूर्वापार आहे. रोजच्या फोडणीचे जिन्नस मिसळणाच्या डब्यात, प्रत्येकाची वाटी ठरलेली. आठवड्या-पंधरवड्याने लागणारे डबे फडताळात. आणि क्वचित लागणारी मोठी भांडी माळ्यावर. प्रोग्रॅमचेही असेच तीन ढीग करावेत.

पहिला ढीग रोजच्या सात-आठ प्रोग्रॅमचा. यांना यादीत ठेवण्याची गरजच नाही. त्यांची जागा विंडोजमध्ये टास्कबारवर आणि मॅकमध्ये डॉकवर असावी. विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि आकडा एकत्र दाबला की टास्कबारवरील त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो. क्रम कायम ठेवल्यास काही दिवसांतच हाताला तो पाठ होतो.

दुसरा ढीग अधूनमधून लागणाऱ्या प्रोग्रॅमचा. खरी मांडणी करायची ती याची. सहा ते दहा गट पुरेसे होतात. गटांची नावे कामावरून द्यावीत : ‘बैठका’, ‘लेखन’, ‘पैसे व कर’, ‘छायाचित्रे’, ‘विकसन’, ‘अभ्यास’, ‘संगणकाची देखभाल’. ‘इतर’ नावाचा गट शक्यतो टाळावा. तो एकदा केला की सारी आवराआवर त्यातच जाऊन पडते. एखादा प्रोग्रॅम दोन कामांना लागत असेल तर मॅकमध्ये त्याचा शॉर्टकट दोन्ही गटांत ठेवण्यास हरकत नाही. प्रोग्रॅम एकच राहतो, त्याकडे जाण्याच्या वाटा दोन होतात.

तिसरा ढीग उरलेल्यांचा. यांपैकी जे वर्षभरात लागले नाहीत आणि पुढेही लागणार नाहीत ते काढून टाकावेत. येथे एक भेद ध्यानात ठेवावा : शॉर्टकट पुसल्याने प्रोग्रॅम जात नाही, केवळ डोळ्यांआड होतो. प्रोग्रॅम खरोखर काढायचा असेल तर सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ या विभागातूनच काढावा. जुन्या वर्षांचे कराचे सॉफ्टवेअर काढण्यापूर्वी त्या वर्षाचे विवरण पीडीएफ स्वरूपात आणि त्याची मूळ फाइल अशा दोन्ही प्रती जपून ठेवाव्यात.

विंडोजमध्ये मांडणी

यादीतील प्रोग्रॅमच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ हा पर्याय निवडला की त्याचा शॉर्टकट असलेला फोल्डर उघडतो. आपल्या स्वतःच्या वापरकर्ता-फोल्डरातील स्टार्ट मेनूच्या ‘प्रोग्रॅम्स’ या भागात गटांचे फोल्डर करावेत आणि शॉर्टकट तेथे आणावेत. सर्व वापरकर्त्यांच्या सामाईक फोल्डरात बदल करण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. गट यादीच्या आरंभी दिसावेत असे वाटल्यास नावाआधी इंग्रजी आकडा घालावा. आकड्यांनी सुरू होणारी नावे इंग्रजी अक्षरांच्या आधी येतात.

तीन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. विंडोज १० आणि ११ च्या यादीत फोल्डरातील फोल्डर वेगळे उघडत नाहीत. त्यांतील नोंदी वरच्याच फोल्डरात एकत्र दिसतात. अर्थात, खोल रचना टाळायची असल्याने ही मर्यादा फारशी जाचक नाही. दुसरे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या प्रोग्रॅमचे असे शॉर्टकट नसतात. ‘रन’च्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘शेल’, मग अपूर्णविरामाचे चिन्ह आणि लगेच ‘ॲप्सफोल्डर’ असे टंकल्यास सर्व प्रोग्रॅमची चौकट उघडते. तेथून त्यांचे शॉर्टकट करता येतात. तिसरे, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की हलवलेला शॉर्टकट जुन्या जागी पुन्हा उगवू शकतो.

विंडोज ११ मध्ये पिन केलेल्या चिन्हांचीही जाळी असते. २०२२ च्या मोठ्या अद्ययावतीकरणापासून एक चिन्ह दुसऱ्यावर ओढून ठेवले की त्यांचा फोल्डर होतो आणि त्यास नाव देता येते. हा मार्ग सर्वांत सोपा. फोल्डरांत शिरण्याची गरज नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेथून ११ कडे येणाऱ्यांना एक बदल जाणवेल. विंडोज १० मध्ये शॉर्टकटचा कोणताही फोल्डर टास्कबारवर पट्टीच्या रूपाने लावता येई. विंडोज ११ मध्ये ती सोय राहिलेली नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकमध्ये प्रोग्रॅम ‘ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरात असतात. ते तेथून हलवू नयेत. त्याऐवजी ‘ऑप्शन’ व ‘कमांड’ ही बटणे दाबून ठेवून प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरात ओढावा. त्याचे उपनाम, म्हणजे ‘एलियस’, तेथे तयार होते. असे कामानुसार फोल्डर एका मोठ्या फोल्डरात ठेवावेत आणि तो फोल्डर डॉकच्या कचराकुंडीकडील भागात ओढावा. त्यावर उजवे बटण दाबून ‘लिस्ट’ हे रूप निवडले की जुन्या स्टार्ट मेनूसारखी गटवार यादी मिळते.

हा मार्ग थोडा आडवळणाचा वाटला तरी टिकाऊ आहे. २०११ मध्ये ओएस एक्स ‘लायन’बरोबर आलेले लाँचपॅड अनेकांनी हौसेने फोल्डर करून सजवले होते. २०२५ च्या मॅक ओएस ‘टाहो’ आवृत्तीत लाँचपॅडच काढून टाकण्यात आले आणि त्यात रचलेले फोल्डरही त्याबरोबर गेले. विंडोज १० मध्ये टाइल्सचे गट रचणाऱ्यांनाही विंडोज ११ कडे येताना हाच अनुभव आला. कंपनी पडद्याचे रूप दर काही वर्षांनी पालटते. साधे फोल्डर मात्र टिकतात. आपली मांडणी शक्य तेथे साध्या फोल्डरांत ठेवावी, हा यातून घेण्याचा धडा.

लिनक्समध्ये ही समस्या मुळातच निराळ्या प्रकारे हाताळली गेली. ‘फ्रीडेस्कटॉप’च्या ठरावीक नियमांनुसार प्रत्येक प्रोग्रॅमच्या नोंद-फाइलीत तो कोणत्या वर्गाचा आहे हे लिहिलेले असते : कार्यालयीन, शिक्षण, चित्र, जालजोडणी, विकसन इत्यादी. त्यामुळे केडीई, एक्सएफसीई किंवा सिनॅमन यांचे मेनू आरंभापासूनच कामानुसार लागतात. वर्ग पटला नाही तर केडीईचा मेनू-संपादक किंवा ‘मेनूलिब्रे’ यांच्या साहाय्याने नोंद हलवता वा लपवता येते.

कार्यालयाचा संगणक असल्यास सावध राहावे. तेथील सामाईक फोल्डर, पिन केलेली चिन्हे आणि कधीकधी संपूर्ण स्टार्ट मेनू कंपनीच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाने ठरवलेला असतो. आपल्या वापरकर्ता-फोल्डरातील शॉर्टकट आणि टास्कबारचा क्रम एवढेच बहुधा आपल्या हाती असते आणि बहुतेकांना तेवढे पुरतेही. मेनू बदलणारे बाहेरचे प्रोग्रॅम परवानगीवाचून बसवू नयेत.

आईवडिलांच्या संगणकावर

परदेशस्थ मराठी कुटुंबांत मांडणीची खरी कसोटी स्वतःच्या संगणकावर नव्हे, तर पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या घरातील संगणकावर लागते. आईबाबांना दूरध्वनीवरून प्रोग्रॅम शोधून देताना ‘तो निळा, गोल दिसतोय का?’ अशी चाचपडणी सुरू होते. पडद्यावर निळी चिन्हे चार असतात आणि तिकडे रात्र झालेली असते.

पुढच्या भेटीत अर्धा तास काढून त्या संगणकाच्या टास्कबारवर केवळ लागणारे पाच-सहा प्रोग्रॅम ठरलेल्या क्रमाने लावावेत. मग ‘बाबा, खालच्या पट्टीवर डावीकडून तिसरे दाबा’ एवढे सांगणे पुरते. शॉर्टकटचे नाव बदलता येते आणि ते देवनागरीतही देता येते. डेस्कटॉपवर ‘फोटो’, ‘बँक’, ‘व्हिडिओ कॉल’ अशी नावे दिसली की कंपनीचे नाव लक्षात ठेवण्याचे ओझे उतरते. लिनक्सच्या नोंद-फाइलीत तर मराठी नावासाठी वेगळी ओळ लिहिण्याची सोय आहे; संगणकाची भाषा मराठी असेल तेव्हा तेच नाव दिसते.

याच वेळी दूरस्थ प्रवेशाची साधने आवर्जून तपासावीत. बँकेचा किंवा संगणक कंपनीचा माणूस असल्याचे भासवून असे साधन उघडायला लावणे ही फसवणुकीची परिचित रीत आहे. अशी दोन-तीन साधने संगणकात पडून असतील तर ती काढावीत. विंडोजमध्ये मुळातच असलेले ‘क्विक असिस्ट’ घरच्या मदतीसाठी पुरेसे आहे. स्वतः मुलगा-मुलगी दूरध्वनीवर बोलत असतानाच ते उघडायचे, हा नियम आईबाबांशी बोलून पक्का करावा.

घडी टिकवण्यासाठी

पहिल्या आवराआवरीस साधारण तासभर लागतो. त्यानंतर नवा प्रोग्रॅम घेतला की त्याच वेळी त्याची जागा ठरवावी आणि त्याने सोबत आणलेले अनावश्यक दुवे पुसावेत. घड्याळाची वेळ वर्षातून दोनदा बदलणाऱ्या देशांत राहणाऱ्यांनी तोच मुहूर्त धरावा. इतरांना दिवाळीपूर्वीची साफसफाई आहेच. त्या दिवशी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. ज्या नोंदीपाशी ‘हे काय आहे?’ असा प्रश्न पडेल, तिचा उलगडा झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. तो प्रोग्रॅम एक तर गटात जावा, नाही तर संगणकातून जावा.